वरची जुडी

डॉक्टरीणबाईंनी सहाच्या सहा चिठ्ठ्या एकेक करून उलट्या केल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवरचा निळा शिक्का पाहिला. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच दुकान होतं, जनकाबाईचं. मग त्यांनी समोर स्टुलावर बसलेल्या पेशंटचं नाव पाहिलं, तर तेही जनकाबाईच. ‘म्हणजे औषध देणाऱ्या बी तुम्हीच अन् घेणाऱ्या बी तुम्हीच?’ असं त्या म्हणाल्या आणि हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर जनकाबाईला सोपं गेलं असतं. तीस वर्षं चिखलीच्या बाजारात भाजी विकल्यावर हसणाऱ्या माणसाला कसं गुंडाळायचं हे तिला पाठ होतं. न हसणाऱ्याचं काय करायचं ते मात्र अजून जमलेलं नव्हतं. ती पदर सारखा करत म्हणाली, ‘घरचं दुकान असताना दुसऱ्याच्या दारात काऊन जाऊ मॅडम?’ डॉक्टरीणबाईंचं माहेर हिवरा आश्रमाकडचं, शेतकऱ्याची लेक, त्यांना हे बोलणं लागलीच समजलं. त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. सहा आठवड्यांपूर्वी साखर दोनशे चौऱ्याहत्तर, आज दोनशे अडुसष्ट. ‘गोळ्या चालू आहेत, भाजीच्या चिठ्ठ्या वटल्या आहेत, आणि साखर जागची हलत नाही. जनकाबाई, खरं सांगा, भाजी खाल्ली का तुम्ही?’ बाहेर बाकावर बसलेलं कुणीतरी खोकलं. जनकाबाईनं भिंतीवरच्या तक्त्यातल्या गाजराकडे पाहिलं, तिला उजव्या डोळ्यानं नुसता एक केशरी डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी सातवी चिठ्ठी पुढ्यात ओढली. मेथी लिहिली, पालक, दोडके, कारली, काकडी लिहिली, आणि सगळ्यांत खाली थांबून थांबून लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं, ‘तानुबाईंच्या दुकानातून.’ खाली दोन रेघा मारल्या. ‘आता सहा आठवडे राहिलेत. साखर दोनशेच्या आत आली तरच डोळ्याच्या शिबिरात तुमचं नाव लागेल. नाही आली तर ते डॉक्टर डोळ्याला हात लावणार नाहीत.’

ती दवाखान्याच्या पायऱ्या पाय आपटत उतरली. राग आला असणार, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. भाजीच्या चिठ्ठ्या घेणारी दवाखान्याच्या यादीत चार दुकानं, त्यातलं एक तिचं, दोन पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे उरली कोण तर तानुबाई. अकरा वर्षं जिच्याशी शब्द नाही तिच्यापुढे हात पसरायचा. राग यायलाच पाहिजे होता. पण स्टँडच्या मागच्या गल्लीतून चालताना तिच्या ध्यानात आलं की आपण भलत्याच भरभर चालतोय, चिठ्ठी मुठीत दाबून धरलीय, आणि हे जे आत उकळतंय त्याला राग म्हणता येत नाही. लहानपणी अमडापूरच्या बाजारात बापानं हातावर पहिल्यांदा आठ आणे ठेवले होते आणि म्हणाला होता, जा, तुले पाह्यजे थे घे. तेव्हा असंच झालं होतं. काय घेतलं ते आता आठवत नाही. घेण्याच्या आधीचं ते उकळणं मात्र अजून पायात शाबूत होतं. आपण गिऱ्हाईक होणार, हे तिला गल्लीच्या वळणावर कळलं आणि ती एका उभ्या मोटरसायकलला धडकता धडकता वाचली.

खरं म्हणजे या चिठ्ठ्यांनी तिला आधी भलतीच मोठी करून ठेवली होती. तीन महिन्यांपूर्वी दवाखान्यातली छाया नावाची पोरगी आली, तिच्या दुकानाच्या, म्हणजे चार बांबू आणि एक ताडपत्री, त्याच्या पुढच्या बांबूला हिरवी पाटी ठोकून गेली. ‘भाजीचं औषध इथे मिळेल.’ ज्यांच्या घरात भाजीला परवडत नाही आणि अंगात आजार आहे त्यांना डॉक्टर चिठ्ठीवर भाजी लिहून देणार, ते इथून घेणार, दुकान चिठ्ठीच्या पाठीवर शिक्का मारणार, पैसे दवाखाना चुकते करणार. सगळा बाजार हसला. जनकाबाई स्वतःही हसली. मग पहिला पेशंट आला. कडूबा म्हणून एक म्हातारा, काठी टेकत आलेला, ती बगलेत धरून चिठ्ठी दोन्ही हातांनी पुढे करत, देवळात जावं तसा चपला बाहेर काढून तिच्या पोत्यापुढे उभा राहिला. तिनं पालक दिला, दोडके दिले, त्यानं सगळं पिशवीत घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, ‘जेवनाआधी घ्याचं का जेवनानंतर?’ ती म्हणाली, ‘जेवनातच घ्या लागते बाप्पा.’ तो मान हलवत गेला. त्या दिवसापासून तिच्या बसण्यात फरक पडला. पाठ ताठ झाली. मेडिकलवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, तसं चिठ्ठीवालं गिऱ्हाईक तिच्याशी घासाघीस करेना. आपण आयुष्यभर जे विकतो त्याला डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं पाहणं म्हणजे काय असतं! मेथी. पालक. जणू कुणी आपल्याच घरातल्या माणसांची नावं आदरानं घेतली. तिला त्या महिन्यात सकाळी उठताना बरं वाटायचं.

मग मार्केटातल्या हर्रासात तिला चक्कर आली. पहाटे अडत्यापुढे भाजीचे ढीग पडतात आणि बोली लागते, तिथं सगळं काम डोळ्याचं. ढिगात हात घालायला वेळ नसतो, नुसतं बघून ठरवायचं. त्या दिवशी तिनं वांग्याच्या ढिगावर बोली चढवत नेली, घेतला, आणि दुकानावर येऊन ओतला तर प्रत्येक वांग्याला भोक. अळीनं आधीच जेवून घेतलेलं. तिनं एकेक वांगं डाव्या डोळ्यापुढे धरलं, मग उजव्यापुढे धरलं. उजव्यापुढे वांगं नव्हतंच, पाण्यात पीठ कालवल्यासारखं काहीतरी होतं. तेव्हा ती भ्याली. नवरा, भाऊराव, गेला तेव्हाही इतकी भ्याली नव्हती, कारण तेव्हा डोळे होते. मुलगा संघर्ष जिनिंगच्या कामाला जातो, ते हंगामापुरतं. घर चालतं ते तिच्या डोळ्यावर. दवाखान्यात गेली, मोतीबिंदू निघाला, साखर निघाली, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज काय जेवता? तिनं खरं ते सांगितलं. रेशनचा भात, भाकर, आलूची भाजी, तिखट, आणि दिवसातून पाच-सहा चहा. ‘आणि काम काय करता?’ तिनं तेही सांगितलं. त्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला होता. मग उचलून तिच्याच नावानं बारा आठवड्यांचं भाजीचं औषध लिहिलं होतं. आता सहा संपले होते.

कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण भाजीवालीच्या घरात भाजी नसते. याला कुणी कंजुषी म्हणेल, पण ती रीत होती, आणि ती रीत जनकाबाईच्या सासूनं घालून दिली होती. दिवस संपला की उरलेल्या मालाचे तीन भाग. उद्या विकेल ते ओल्या पोत्याखाली. विकणारच नाही ते बकरीला. यांच्या मधलं, जे विकायला लाज वाटेल आणि फेकायला जीव होणार नाही, ते घराला. तर मधलं म्हणजे बहुतेक अर्धा सडका कापून टाकलेला आलू. कधी पिवळी पडलेली मेथी, तिची पानं निवडली तर मूठभर निघावीत. मंजुश्री सून होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनं दुकानातून येताना चांगली ताठ जुडी उचलून पिशवीत टाकली होती. तिचं माहेर धामणगाव बढ्याचं, परसात चार वाफे, चुलीवर कढई ठेवूनच भाजी तोडायला जाणाऱ्यांतली ती. जनकाबाईनं जुडी परत काढून घेतली आणि म्हणाली, ‘विकाची भाजी खाल्ली त मंग विकू काय, तुह्या बांगड्या?’ पोरीनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. नंतर चांगल्या जुडीला तिनं कधीच हात लावला नाही. दोन लेकरं झाली, दोघंही हिरव्या भाजीला तोंड वाकडं करतात, कारण त्यांना वाटतं हिरवी भाजी कडूच असते आणि तिला वास येतो. आजी भाजी विकते आणि नातवांना भाजीची चव माहीत नाही. हे जनकाबाईला आज, या गल्लीत, उन्हात चालताना इतकं लख्ख दिसलं की तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

आणि त्या सहा चिठ्ठ्या! पहिल्या चिठ्ठीच्या दिवशी तिनं खरोखर ढिगातली ताजी, वरची जुडी काढली होती. शिक्का मारला, चिठ्ठी डब्यात टाकली, भाजी स्वच्छ पिशवीत भरून बांबूच्या खिळ्याला लटकवली. दिवसभर तिकडे पाहत होती, आतून गुदगुल्या होत होत्या. संध्याकाळी स्कूटीवरच्या शिक्षिकाबाई आल्या. ‘मावशी, मेथी चांगली नाही का हो? ही पिशवीतली द्या ना.’ आणि हात गेला. तिला न विचारता गेला. तीस वर्षांचा हात, गिऱ्हाईक म्हणालं की देतो. पिशवीत मग मधल्या भागातली एक जुडी गेली, रिकामी राहायला नको म्हणून. पहिल्यांदा तिला हसू आलं, घरी जाऊन मंजुश्रीला म्हणाली, माहं औषध शिक्षिकाबाईनं खाल्लं. दुसऱ्यांदा दोडकेही गेले. तिसऱ्या आठवड्यापासून तिनं पिशवी लटकवलीच नाही. नुसता शिक्का मारायचा. ही चोरी नव्हती, असं ती मनाशी घोकायची. दुकानानं औषध दिलं, पेशंटनं घेतलं, मग पेशंटनं ते विकलं तर दुकानाचा काय दोष? दुकान आणि पेशंट यांचं असं भांडण तिच्या डोक्यात रोज चाले आणि दोघांच्या मधे डोळा पांढरा होत चालला होता. आज डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर तिनं गाजराकडे पाहिलं ते म्हणूनच.

गल्ली संपली आणि भाजीची ओळ सुरू झाली. रस्त्याच्या या अंगाला तिचं दुकान, तिथं शेजारच्या लिंबूवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्या अंगाला तानुबाईचं. मधे वीस पावलं. अकरा वर्षांपूर्वी ही वीस पावलं नव्हती, एकच ताडपत्री होती आणि एकच चहा, अर्धा कपात अर्धा बशीत. मग त्या एका सकाळी जनकाबाईची मेथी एक गिऱ्हाईक हातात घेऊन उभं होतं आणि तानुबाई शेजारून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, ‘थ्या मेथीवर कालचं पाणी हाय.’ आदल्या दिवशीच्या, पोत्याखाली ठेवलेल्या जुडीवर पहाटे पाणी मारलं की ती तासाभरासाठी तरणी होते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. तानुबाई बोलली. पुढे दोघींनी एकमेकींची सात पिढ्यांची धुणी धुतली, तानुबाईनं आपला पसारा उचलून समोर नेला, आणि त्या दिवसापासून दोघी दिवसभर एकमेकींच्या तोंडासमोर बसून एकमेकींना न बघता सगळं बघत राहिल्या. भाऊराव गेला तेव्हा तानुबाई भेटायला आली नाही. पण तिचं दुकान तीन दिवस बंद होतं. जनकाबाईला हे शेजाऱ्यांनी सांगितलं होतं आणि तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. या सगळ्यात एकच गोष्ट ती कुणाजवळ कबूल करू शकली नव्हती, ती ही की त्या मेथीवर खरंच कालचं पाणी होतं.

आता ती कालचं पाणी मलाच देणार, असं वाटून जनकाबाई अर्ध्या रस्त्यात थबकली. मी असते तर दिलं असतं. अकरा वर्षांनी तोंडाशी आलेली संधी कुणी सोडतं? आणि मला दिसणार नाही. पण डोळा गेला म्हणून काय झालं, बोटं आहेत, नाक आहे! मेथीचा देठ मोडून पाहायचा, कट् आवाज आला पाहिजे. दोडक्याला नख लावायचं. काकडी हातात तोलायची, हलकी लागली की आत जून बी. कारल्याचा देठ हिरवा की काळा. गिऱ्हाइकांनी तीस वर्षं जे जे करून तिचा जीव खाल्ला होता ते सगळं तिच्या बोटांत गोळा झालं आणि ती मनातल्या मनात हात चोळू लागली. मी पण नख लावणार. मी पण नाक मुरडणार. एक रिक्षा तिच्या पदराला चाटून गेली, रिक्षावाला ओरडला, ‘ओ मावशे, घरी सांगून आली का?’ तिनं त्याला पाहून हात हलवला. इतकी ती खुशीत होती.

तानुबाईनं तिला येताना पाहिलं आणि तराजूकडे बघत राहिली. जनकाबाईनं चिठ्ठी पुढे केली. तानुबाईनं ती घेतली, ओठ हलवत वाचली, खालच्या दोन रेघांवर जरा जास्त वेळ थांबली.

‘कोनासाठी?’

‘माह्यासाठी.’

‘साखर?’

‘हाव.’

‘किती?’

‘दोनशे अडुसष्ट.’

तानुबाईनं जिभेनं च्च केलं. अकरा वर्षांनंतरचा तो पहिला काळजीचा आवाज जनकाबाईच्या अंगावर गरम पाण्यासारखा पडला. ती पोत्यावर वाकली आणि निवडू लागली. देठ मोडायचा, नख लावायचं, सगळं ठरवलेलं होतं. पण हात ढिगाच्या कडेला गेला, जिथं पिवळ्या कडांच्या, माना टाकलेल्या जुड्या बाजूला काढलेल्या होत्या. त्यातली एक तिनं उचलली. मग दुसरी. तिला कळलंही नाही. तानुबाईनं ओल्या फडक्याचा फटका तिच्या मनगटावर मारला.

‘थी बकरीची हाय. ठेव खाली.’

जनकाबाईनं हातातल्या जुड्यांकडे पाहिलं आणि तिला धक्काच बसला.

‘वरची घे,’ तानुबाई म्हणाली.

‘वरची विकाची असते,’ जनकाबाईच्या तोंडून निघून गेलं.

‘मंग मी काय करून राह्यली? विकूनच राह्यली नं तुले!’

तानुबाईनं स्वतःच वरची जुडी उचलली, तिच्या नाकाशी धरली. ‘वास घे. पुंजाजीच्या वावरातली, आज पहाटेची. तू सोडली थी हर्रासात. तू कधी पुंजाजीची मेथी सोडत नाही. तवाच समजली मी, हिच्या डोयाले काहीतरी झालं.’ जनकाबाईनं वास घेतला. आधी ओल्या मातीचा आला, मग त्याच्या मागून कडवट, हिरवा, थंड असा जो आला तो तिला ओळखीचा होता आणि तरी नवा होता. रोज हजार जुड्या हाताखालून गेल्या, पण नाकाशी धरून ही माझी असं म्हणायची वेळ कधी आली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, डाव्यातूनही आणि उजव्यातूनही. तानुबाई दोडके मोजत होती. तिनं पाहिलं असेल, पण पाहिल्याचं दाखवलं नाही.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून हाक आली. स्कूटीवरच्या शिक्षिकाबाई तिच्या दुकानापुढे उभ्या होत्या. ‘अहो मावशी! मेथी कशी दिली?’ जनकाबाईचे पाय आपोआप वळले. तीस वर्षांत तिनं एक हाक वाया जाऊ दिली नव्हती, जेवणाच्या डब्यावरून उठली होती, तापात उठली होती. एक पाय रस्त्यावर पडलासुद्धा. मग तिनं तो उचलून मागे घेतला आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं ओरडली, ‘थांबा मॅडम! मी आता गिऱ्हाईक हाय!’

लिंबूवाला हसला. तानुबाईचे खांदे हलले. जनकाबाई परत पोत्यावर वाकली आणि आता तिनं काकडी तोलली, दोडक्याला नख लावलं, एक कारलं नाक मुरडून परत ठेवलं. पिशवी भरल्यावर ती उघडीच ठेवून तिनं पुढे केली. ‘अन् सांबार?’ तिनं कोथिंबिरीकडे बोट केलं.

‘चिठ्ठीवर सांबार लिहेल नाही.’

‘सांबार चिठ्ठीवर नसतेच व. थे गिऱ्हाइकाले तसंच द्या लागते.’

तानुबाईनं तिच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं, कोथिंबिरीची मूठ उचलून पिशवीत टाकली, चार मिरच्या टाकल्या, आणि शिक्का मारला.

वीस पावलं परत येताना पिशवीचं ओझं हाताला लागत होतं आणि ते तिला आवडत होतं. शिक्षिकाबाई अजून थांबल्या होत्या, घड्याळ बघत. त्यांची नजर पिशवीतून वर आलेल्या हिरव्या शेंड्यांवर गेली. ‘अय्या, ही किती छान आहे, हीच द्या ना मावशी.’ जनकाबाईला आपला उजवा हात पिशवीकडे निघालेला दिसला. खरोखर दिसला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तिनं तो डाव्या हातानं धरला. आपल्या पोत्यावर मेथी होती, कालची, दवाखान्यात जाताना पुन्हा पाणी मारलेली, अजून थोडा वेळ टिकेल अशी. ती उचलून द्यायला काहीच लागलं नसतं. तिनं मान वर केली आणि समोर बसलेल्या तानुबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, ‘ही विकाची नाही, माहं औषध हाय. अन् माह्या पोत्यावरच्या मेथीवर कालचं पाणी हाय मॅडम. चांगली पाह्यजे त समोर जा, तानुबाईकडं.’

शिक्षिकाबाई बावरून रस्ता ओलांडून गेल्या. जनकाबाईनं त्या बाजूला पाहिलं नाही. तिनं पिशवी खिळ्याला लावली नाही, मांडीवर घेतली, एक पान तोडून तोंडात टाकलं आणि चावता चावता घरी फोन लावला.

‘मंजुश्री, तवा ठेव. भाकरी टाक सगळ्याच्या. मी भाजी घेऊन येऊन राह्यली.’

‘आता? भर दुपारी? दुकान?’

‘लिंबूवाला पाहीन. लेकराले बसवून ठेव.’

तिकडे तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. मग मंजुश्रीनं जपून विचारलं, ‘कोन्ती भाजी हाय, आत्याबाई?’

‘वरची,’ जनकाबाई म्हणाली.